बालकांचे औषध, शर्करा आणि कृमिदंत

बालकास औषध पाजणे ही वैद्य आणि माता या दोघांचीही कसोटी असते. कडू काढा मूल थुंकून टाकते, म्हणून आपण मधुर कल्पनांचा आश्रय घेतो. सोलापूरसारख्या उसाच्या जिल्ह्यात साखरेचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. परंतु महिनोन्‌महिने खोकल्याचे पातळ औषध घेणाऱ्या बालकांचे पुढचे दुधाचे दात किडलेले आम्हांस वारंवार आढळतात. ‘आम्ही चॉकलेट देतच नाही’ असे माता सांगतात. या कोड्याचे उत्तर आपल्याच बाटलीत असू शकते.

साध्या शर्करापाकात वजनाने सुमारे दोन तृतीयांश साखर असते. अशा पाकाच्या ५ मि.लि. मात्रेतून सुमारे ४ ग्रॅम साखर मुखात जाते. सितोपलादी चूर्णाच्या ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखरच असते, आणि वर आपण मधाचे अनुपान सांगतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, १६ व्या अध्यायात, कृमिदंतकाचे वर्णन आहे. आधुनिक शास्त्रानुसार मुखातील जीवाणू साखरेपासून आम्ल निर्माण करतात. दातावरील सामू ५.५ च्या खाली गेला की दंतकवच विरघळू लागते. लाळेला हे आम्ल निवारण्यास अर्धा ते एक तास लागतो. म्हणून साखर किती, याइतकेच ती दिवसातून किती वेळा, हेही महत्त्वाचे ठरते. निद्रेत लाळ अत्यल्प होते, त्यामुळे झोपताना दिलेला चमचा सर्वाधिक घातक होय. दुधाच्या दातांचे कवच मुळातच पातळ असते. शिवाय चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात मधुर रसाच्या अतियोगाने होणाऱ्या विकारांत श्वास, कास व प्रतिश्याय यांची गणना केली आहे. ज्या व्याधीसाठी आपण हा चमचा देतो, त्याच या व्याधी होत.

२०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने अनेक बालके दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेने दोन वर्षांखालील बालकांना खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना काढली. अशा वेळी पालक विश्वासाने आपल्याकडे वळतात. त्या विश्वासाबरोबर आपली जबाबदारीही वाढते.

यासाठी काही पथ्ये वैद्यांनी पाळावीत. मधुर औषध शक्यतो जेवणाबरोबर द्यावे, झोपताना देऊ नये. औषधानंतर मोठ्या मुलास चूळ भरावयास लावावी. लहानग्यास पाणी पाजून ओल्या स्वच्छ फडक्याने दात पुसावेत. दीर्घकाळ औषध द्यावयाचे असल्यास साखरविरहित चूर्ण किंवा वटी योजावी. बालचतुर्भद्र चूर्णात मुळात साखर नाही, मात्र त्याचे मधाचे अनुपान तारतम्याने सांगावे. मधानेही दात किडतात, आणि एक वर्षाखालील बालकास मध देऊच नये, असे बालरोगतज्ज्ञ बजावतात. सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीस तर साखरेची गरजच नसते.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे. मधुमेही रुग्णांसाठी साखरविरहित कल्प बाजारात आले, तसे ते बालकांसाठीही यावेत. त्यांत ग्लिसरीन वा सॉर्बिटॉल वापरल्यास प्रत्येक खेपेची डायएथिलिन ग्लायकॉलसाठी तपासणी करावी. वेष्टनावर ‘शर्करा आवश्यकतेनुसार’ असे मोघम न छापता प्रत्येक चमच्यातील साखर ग्रॅममध्ये नमूद करावी. तो आकडा समोर असेल, तरच वैद्यास मात्रेचा आणि काळाचा विचार करता येईल.