आशय व्यवस्थापन प्रणालीतील मूलभूत संज्ञा

आशय व्यवस्थापन प्रणाली (सीएमएस) म्हणजे संगणकीय संकेत न लिहिता संकेतस्थळावरील मजकूर व चित्रे तयार करण्याची, बदलण्याची आणि प्रकाशित करण्याची सोय देणारी संगणकप्रणाली. इ.स. २००३ मध्ये मॅट मुलनवेग व माइक लिटल यांनी सुरू केलेली वर्डप्रेस ही तिचे सर्वांत प्रचलित उदाहरण आहे. द्रुपल, जूमला तसेच मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी ही अन्य उदाहरणे होत. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनसारख्या गावाच्या ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ कल्पिल्यास पुढील संज्ञा स्पष्ट होतात. येथे त्या वर्डप्रेसमधील अर्थाने दिल्या आहेत.

रचनेविषयक संज्ञा

पान: क्वचित बदलणारा मजकूर, उदा. गावाची माहिती, कार्यालयाचा पत्ता.
नोंद (पोस्ट): दिनांकानुसार प्रसिद्ध होणारा मजकूर, उदा. ग्रामसभेची सूचना.
वर्ग: नोंदींची विषयवार विभागणी, उदा. पाणीपुरवठा, करआकारणी.
थीम: संकेतस्थळाचे बाह्य रूप. मजकूर डेटाबेसमध्ये स्वतंत्र साठवला जात असल्याने थीम बदलली तरी नोंदी नष्ट होत नाहीत.
प्लगइन: मूळ प्रणालीत नसलेली सोय पुरवणारा जोडभाग, उदा. तक्रार अर्ज.
स्थायी दुवा (पर्मालिंक): प्रत्येक पानाचा किंवा नोंदीचा कायम पत्ता. तो बदलल्यास इतरत्र दिलेले जुने दुवे निरुपयोगी होऊ शकतात.

मजकुराच्या अवस्था

मसुदा वाचकांना दिसत नाही. प्रकाशित केल्यावरच तो सार्वजनिक होतो. ग्रामसभेची सूचना मसुद्यातच राहिली, तर ती लिहिणाऱ्यास दिसते, ग्रामस्थांना नाही. काढून टाकलेली नोंद प्रथम कचरापेटीत जाते व वर्डप्रेसमध्ये सामान्यतः ३० दिवसांनी कायमची नष्ट होते. आवृत्ती म्हणजे मजकुराचे जतन झालेले पूर्वीचे रूप. मात्र आवृत्त्याही त्याच डेटाबेसमध्ये असल्याने बॅकअप, म्हणजे अन्यत्र ठेवलेली प्रत, वेगळा आवश्यक असतो.

सदस्यांच्या भूमिका

प्रशासकास सर्व अधिकार असतात. संपादक सर्वांचे लेखन प्रकाशित करू शकतो, लेखक केवळ स्वतःचे. योगदानकर्ता लिहू शकतो. प्रकाशित करू शकत नाही. प्रत्येकास कामापुरतीच भूमिका दिल्यास एका परवलीच्या शब्दाच्या गळतीने संपूर्ण संकेतस्थळ धोक्यात येण्याची शक्यता कमी होते.

मराठी मजकूर

मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर थेट चिकटवल्यास निरर्थक रोमन अक्षरे दिसतात व शोधयंत्रांना तो सापडत नाही. त्यामुळे आधी त्याचे रूपांतर करावे लागते. सूचनेचे छायाचित्र चढवल्यास त्यासोबत पर्यायी मजकूर देणे इष्ट ठरते. दृष्टिहीन वाचकांची वाचक-प्रणाली तोच वाचून दाखवते.

मीडियाविकीतील संज्ञा

मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानास धूळपाटी, अनेक पानांत वापरता येणाऱ्या मजकुराच्या आराखड्यास साचा, तर विशेष अधिकार असलेल्या सदस्यास प्रचालक म्हणतात. प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात नोंदवला जातो, त्यामुळे चुकीचे संपादन उलटवता येते.