लेन्स बसली, तरी तपासणी संपत नाही

केराटोकोनस या विकारात डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. अशा मुलामुलींना डॉक्टर अनेकदा आरजीपी लेन्स देतात. ती कडक असते, पण तिच्यातून प्राणवायू आत जातो. फळ्यावरचे अक्षर पुन्हा स्पष्ट दिसू लागले की घरात आनंद होतो आणि फेरतपासणी राहून जाते. एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, ही अडचण आम्ही जाणतो. तरीही आमचे सांगणे आहे, तारीख चुकवू नका.

कारण छान दिसते म्हणजे डोळा सुरक्षित आहे, असे नाही. कॉर्नियाचा आकार बदलू शकतो, लेन्स मात्र तीच राहते. ती शंकूच्या टोकावर घासू लागली, तर तिथे कायमचा डाग पडू शकतो. सुरुवातीला दुखेलच असे नाही. डॉक्टर डोळ्यात नारिंगी रंग सोडून निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा लेन्स नेमकी कुठे टेकते ते कळते.

साधारणपणे आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी बोलावतात. आपल्या डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळावी. त्रास नसेल तर तीन-चार तास आधी लेन्स घालूनच जावे. डबी आणि द्रवाची बाटली सोबत न्यावी.

घरी हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच लेन्स हाताळावी. नळाचे, विहिरीचे किंवा फिल्टरचे पाणी तिला लावू नये. पाण्यातल्या अकांथामिबा या सूक्ष्म जीवाने दृष्टी जाऊ शकते. डबीतले द्रव रोज बदलावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लेन्स घालून झोपू नये. डोळे चोळू नयेत.

पहिले एक-दोन आठवडे थोडे टोचते, पाणी येते. ते हळूहळू कमी होते. पण डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, अंधुक दिसू लागले किंवा घाण येऊ लागली, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणू नका. पैशांची अडचण असेल, तर सरकारी रुग्णालयातील नेत्रविभागात जा.

पुढची तारीख आजच घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. गेलेली मजुरी पुन्हा मिळवता येते, गेलेली नजर परत येईलच असे नाही.