पडद्यासमोर मूल काय करते?

माध्यमिक शाळेतील मुलांच्या हाती आलेल्या तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा उपकरणांच्या संख्येपाशीच थांबते. वास्तविक पडद्यासमोर बसलेल्या मुलाची बुद्धी कोणते काम करते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. ग्रामीण भारतातील ‘असर २०२४’ पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता आणि त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता. मात्र तयार उत्तर पाहणे आणि स्वतः उत्तर शोधणे, या दोन्हींना अभ्यासच म्हटले जाते.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील प्रयोगात असे दाखवले, की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी तो अधिक आठवतो, परंतु आठवड्यानंतर, तो न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी ५६ टक्के, तर पुन्हा वाचणारे ४२ टक्केच मजकूर सांगू शकतात. आठवण्याच्या प्रयत्नानेच स्मृती दृढ होण्याच्या या प्रक्रियेला ‘चाचणी-परिणाम’ म्हणतात. चित्रफीत पाहून विषय समजल्याचे जे समाधान मिळते, ते म्हणूनच फसवे ठरू शकते.

याउलट, प्रश्न विचारून, चुकांचे स्वरूप ओळखून पुढचा प्रश्न ठरवणाऱ्या ‘अनुकूलनशील’ प्रणालीचा अनुभव उत्साहवर्धक आहे. दिल्लीत २०१५ मध्ये कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियन यांनी ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीची परीक्षा घेतली, तेव्हा अनेक विद्यार्थी गणितात आपल्या इयत्तेच्या कित्येक वर्षे मागे असल्याचे आढळले. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना संगणकावर त्यांच्या प्रत्यक्ष पातळीचे प्रश्न मिळाले, आणि सुमारे साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांतील त्यांची प्रगती न निवडलेल्या मुलांच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक झाली. अर्थात या यशाचे सारे श्रेय यंत्राला देणे अन्यायाचे होईल, कारण दीड तासाच्या प्रत्येक सत्रातील निम्मा वेळ साहाय्यक छोट्या गटांना शिकवत असत. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र सरासरीने लक्षणीय वाढ दिसली नाही. ती परीक्षा इयत्तेच्या पातळीची होती, आणि बरीच मुले त्या पातळीच्या अद्याप खालीच होती.