तहान मारू नका

“मावशी, पाणी घ्या की.”

“नको गं बाई. दिवस मावळायला अजून अवकाश आहे.”

खुरपणीला गेलेल्या बायांमध्ये हे बोलणं नेहमी ऐकू येतं. मावशींना तहान नाही का? आहे. घसा कोरडा पडला आहे. पण पाणी प्यालं की लघवीला जावं लागतं. शेतात आडोसा नाही. बांधावर गडीमाणसं आहेत. म्हणून मावशी तहान मारतात.

लाजेपायी हे कोणी बोलत नाही. पण त्रास शरीराला होतो. तो कसा, ते पाहू.

आपल्या पाठीत, कण्याच्या दोन बाजूंना, दोन मूत्रपिंडे असतात. एकेक मुठीएवढे. रक्त गाळायचे काम ती रात्रंदिवस करतात. दिवसभरात ती सुमारे १८० लिटर पाणी गाळतात! खरं वाटत नाही ना? तेच पाणी पुन्हापुन्हा गाळले जाते, आणि जवळजवळ सगळे परत रक्तात जाते. फक्त दीड-दोन लिटर पाणी घाण घेऊन लघवीवाटे बाहेर पडते.

आता पाणी कमी प्यालं तर? घाण तेवढीच राहते, पाणी मात्र थोडे. लघवी घट्ट होते. पाक आटला की कढईच्या कडेला साखर धरते, तसे लघवीतले क्षार धरतात. त्याचाच पुढे मुतखडा होतो. खडा सरकला की अशी कळ येते, की धडधाकट गडीही गडाबडा लोळतो.

लघवी तुंबवली तर जंतू वाढतात. जळजळ होते, थंडीताप येतो. बायांचा मूत्रमार्ग आखूड असतो. म्हणून हा त्रास बायांना जास्त.

मग पाणी किती प्यावे? मोठ्या माणसाने दिवसाला दोन-अडीच लिटर प्यावे. उन्हात राबणाऱ्याने त्याहून जास्त. एकदम ढसाढसा नको, थोडे थोडे प्यावे. ताक चालते, चहाही त्यात धरा. दारू मात्र धरू नका. तिने लघवी वाढते आणि अंगातले पाणी जाते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढेच पाणी प्यावे.

पाणी पुरले की नाही, हे लघवीचा रंग सांगतो. फिकी असली तर ठीक. हळदीसारखी पिवळी झाली, तर पाणी कमी पडले. भरपूर पाणी पिऊनही रंग गडदच राहिला, किंवा लघवी लाल झाली, तर दवाखाना गाठा.

आणि आडोशाचे काय? चार मेढी आणि दोन जुनी लुगडी घ्या. बांधाच्या कोपऱ्यात अर्ध्या तासात आडोसा उभा राहतो. मालकाने करून दिला तर उत्तमच. ते त्याचे कामच आहे. नाही दिला, तर बायांनी मिळून करावा. मग मावशींची कळशी दुपारपर्यंत भरलेली राहणार नाही.