अर्ध्यावर थांबणारं शटर

गुडघ्यापर्यंत उचलून हात सोडला तर शटर तिथेच थांबलं पाहिजे. कमरेपर्यंत नेलं तर कमरेशी, डोक्यापर्यंत नेलं तर डोक्याशी. शटर मिस्त्रीची पहिली परीक्षा हीच आणि शेवटचीही हीच. आमच्या घराखालच्या दुकानाचं शटर या परीक्षेत केव्हाच नापास झालं होतं. मालकीणबाई रोज सकाळी लोखंडी आकड्याने ते ओढायच्या, दुकानातला पोरगा खालून खांदा लावायचा आणि वर गेलेलं शटर परत घसरू नये म्हणून गाइडच्या खाचेत लाकडाची पाचर ठोकायचा. ‘उमर हो गई है,’ असं त्या म्हणायच्या. शटरबद्दल की स्वतःबद्दल, ते मी कधी विचारलं नाही.

आम्ही राहतो ते लखनौचं मानक नगर ही मुळात रेल्वेची वस्ती. चारबाग स्टेशनहून कानपूरकडे निघालं की पहिलं स्टेशन हेच. १९३० सालचं सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचं रेल्वेचं चाचणी व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ मध्ये आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन, आराखडा व मानक संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालय इथे आहे. रूळ, पूल, डबे, इंजिनं यांचे नकाशे आणि नियम इथून देशभर जातात. स्प्रिंगांचेही जातात. आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) प्रकारच्या डब्याच्या स्प्रिंगा वर्कशॉपात ठरावीक भाराखाली दाबतात, दबल्यावर उंची किती राहते ते मोजतात आणि त्यानुसार ए, बी, सी असे गट पाडून पिवळा, निळा, हिरवा रंग देतात. एका बोगीत एकाच गटाच्या स्प्रिंगा बसवायच्या असतात, नाहीतर एक जास्त भार घेते आणि शेजारची आळस करते. इतक्या काटेकोर कारभाराचे नियम ज्या भिंतीच्या आत ठरतात, त्याच भिंतीबाहेरच्या बाजारात स्प्रिंगेची परीक्षा हाताच्या पंजाने होते. दोन्हीकडे प्रश्न एकच: वजन किती, आणि त्याला जोड कोणती.

आपल्याकडच्या घरांच्या खिडक्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. त्या बिजागरीवर उघडतात, सारं वजन चौकटीवर. खिडकी वरखाली सरकते ती परदेशात. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडे जुन्या घरात राहिलेल्या कुणालाही विचारा, वर केलेली काच धाडकन खाली येण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. त्या चौकटीच्या दोन्ही कडांत बारीक नळी असते, तिच्यात स्प्रिंग आणि पीळ दिलेली पट्टी. काचेचं वजन खाली असो वा वर, तेवढंच राहतं. स्प्रिंग मात्र जितकी ताणाल तितकी जास्त ओढते. हा फरक भरून काढायला त्या पट्टीचा पीळ एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल ठेवतात. शटरची गोष्ट उलटी आहे. ते वर गुंडाळलं जातं तसं लोंबतं वजन कमी होत जातं, आणि नेमकी त्याच वेळी स्प्रिंगही उलगडत सैल होत जाते. दोघांचा उतार जवळपास जुळतो. ज्या कुणाला ही जोडी पहिल्यांदा सुचली, त्याला मी मनातून दाद देतो.

मिस्त्री आला तो एक पोरगा, दोन लांब पाइप पाने, नायलॉनचा दोर आणि चढायला एक घोडा घेऊन. आल्या आल्या त्याने पाचर काढायला लावली, शटर खाली घेतलं आणि एका हाताने वीतभर उचललं. मग कान वर करून म्हणाला, ‘एक टूटी है, बाकी दो थकी हैं।’ आतली स्प्रिंग तुटलेली असेल तर शटर हलवताना वरच्या डब्यात खळखळ होते. तेवढी खूण त्याला पुरली.

आठ फुटी शटर साठ-सत्तर किलोंच्या घरात सहज जातं. ते माणूस उचलतच नाही. वरच्या टोपणाखाली आडवा पाइप असतो, दोन्ही भिंतींवरच्या ब्रॅकेटात यू-क्लॅम्पने जखडलेला, त्यामुळे तो फिरत नाही. त्याच्यावर लोखंडी पुल्या असतात, त्या फिरतात आणि त्यांनाच शटरची सगळ्यात वरची पट्टी बोल्टने जोडलेली असते. पुलीला लागून पाइपभोवती स्प्रिंग. तिचं एक टोक पाइपच्या भोकात अडकवलेलं, दुसरं पुलीत. शटर खाली ओढलं की पुली फिरते आणि स्प्रिंगेला पीळ बसतो. म्हणजे संध्याकाळी दुकान बंद करताना आपण जो जोर लावतो, तो रात्रभर त्या तारेत जमा राहतो आणि सकाळी परत मिळतो. सरकारी बांधकाम खात्याच्या, सीपीडब्ल्यूडीच्या दरसूचीतही या स्प्रिंगेचं वर्णन सापडतं: २७.५ सेंटिमीटर लांब, आयएस ४४५४ प्रमाणे उच्च ताणशक्तीच्या पोलादी तारेची. बाजारात मात्र कोणी मानक क्रमांक विचारत नाही. दुकानदार तार किती जाड एवढंच विचारतो.

शटर पूर्ण वर नेऊन त्याची वळकटी दोराने करकचून बांधली. वर गेलेल्या शटरच्या स्प्रिंगेतही पीळ शिल्लक असतो, आणि धोका त्यातच असतो. मिस्त्रीने पाइपला पाना लावला, त्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि पोराला क्लॅम्पचे नट सैल करायला सांगितले. शेवटचा नट सुटला तसा पाना त्याच्या हातात थरथरला. दुसऱ्या पान्याने पाइप धरायचा, पहिला काढून पुढे लावायचा, पुन्हा धरायचा, असं करत त्याने पाव-पाव फेऱ्याने सगळा पीळ उतरवला. घाई केली आणि पाना सुटला तर मनगट जातं. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख अर्धं होतं. त्याबद्दल तो काही बोलला नाही.

पाइप खाली आल्यावर तुटलेली स्प्रिंग मी हातात घेतली. आकड्याच्या वळणाजवळच ती गेली होती. तुटलेल्या तोंडाचा जवळजवळ अर्धा भाग काळपट-तांबूस होता आणि उरलेला करडा, दाणेदार, चमकणारा. तांबूस भाग म्हणजे जुनी चीर. गंजाच्या एखाद्या खड्ड्यापाशी सुरू होऊन रोजच्या पिळण्याने ती आत आत गेलेली, हवा आणि पाणी पीत. चमकणारा भाग शेवटच्या दिवशी एका झटक्यात गेला. म्हणजे मालकीणबाई ज्याला म्हातारपण म्हणत होत्या, त्याचा बराचसा काळ हा या चिरेचाच होता.

मग घासाघीस. बाईंचं म्हणणं, तुटली एक तर बदला एक. मिस्त्रीने मान हलवली. नवी स्प्रिंग जुन्या दोघींच्या वाटचं ओझं ओढेल, शटर एका बाजूने वर पळेल आणि गाइडमध्ये तिरकं अडकेल. बोगीच्या रंगांचा नियम याला कोणी शिकवलेला नव्हता. बाई तरीही अडून बसल्या, आणि मला वाटतं त्यांचंही चुकत नव्हतं. ज्याला स्प्रिंगा विकूनच मिळकत होते त्याच्या सल्ल्याकडे जरा तिरकं बघावंच. शेवटी त्याने एक जुनी आणि एक नवी स्प्रिंग शेजारी शेजारी उभी केली. जुनीचे वेढे एका जागी विरळ, एका जागी चिकटलेले. बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि पोराला पैसे आणायला पाठवलं.

चढवताना सगळं उलट्या क्रमाने. पाइप ब्रॅकेटात, पट्टी पुल्यांवर, शटर हाताने गुंडाळून पुन्हा बांधलं. मग पान्याने पाइप फिरवत तीनेक फेरे पीळ भरला, क्लॅम्प आवळले, दोर सोडला. पहिल्या चाचणीत गुडघ्याशी सोडलेलं शटर आपणहून वर चढू लागलं. पीळ जास्त झाला होता. पुन्हा दोर, पुन्हा पाना, अर्धा फेरा कमी. आता गुडघ्याशी थांबलं, कमरेशी थांबलं, डोक्याशी पोचल्यावर बोटभर वर सरकून थांबलं. ‘इतना चाहिए,’ मिस्त्री म्हणाला. नवी स्प्रिंग काही दिवसांत थोडी बसते, तेवढी सूट ठेवायची. गाइडमध्ये ग्रीस भरू नका, धूळ धरून त्याची पेस्ट होते, एवढं त्याने बजावलं.

शेजारचा झेरॉक्सवाला तोवर येऊन उभा होता. त्याचंही शटर जड चालतं, स्प्रिंग बदलून टाका म्हणाला. मिस्त्रीने ते कमरेपर्यंत नेऊन सोडलं. ते जागच्या जागी थांबलं. मग त्याने हात उजव्या गाइडवरून खालून वर फिरवला आणि गुडघ्याच्या उंचीवर थांबला. कुणाच्या तरी स्कूटरने तिथे खाच चेपली होती. त्याने पोराकडून हातोडा मागून घेतला.