सांगलीचे डेप्युटी कलेक्टर आणि एक इंग्रज जज, दोघं मिळून पेटीला २२ श्रुती शिकवायला निघाले होते

हिंगोली जिल्ह्यातलं जवळा बाजार घ्या, नाहीतर कोकणातली एखादी वाडी घ्या. भजनी मंडळ म्हटलं की टाळ आले, मृदंग किंवा ढोलकी आली आणि पेटी आली. नामदेव महाराजांची नरसी याच हिंगोली जिल्ह्यात. त्यांच्या अभंगांना आज पेटीची साथ इतकी सवयीची झालीय की हे वाद्य आपल्याकडं पहिल्यापासून असावं असंच वाटतं.

पण पेटी मूळची आपली नाही. आणि ती आपली होऊ शकते की नाही, यावरून देशात एकेकाळी मोठा राडा झाला होता. या भांडणात सांगलीचे एक रिटायर्ड डेप्युटी कलेक्टर होते, एक इंग्रज जज होता, मिरजेचे खाँसाहेब होते आणि पंडित भातखंडेही होते.

त्या डेप्युटी कलेक्टरांचं नाव कृष्णाजी बल्लाळ देवल. 'संगीत शारदा' लिहिणारे देवल म्हणजे गोविंद बल्लाळ, ते वेगळे. हे कृष्णाजी. मराठी माणूस यांना जवळपास विसरलाय.

आधी पेटी आली कुठून ते बघू

हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबां यानं घेतलं. चर्चमधल्या प्रचंड पाइप ऑर्गनचा हा स्वस्त आणि सुटसुटीत भाऊ. पाइपांऐवजी पितळेच्या पट्ट्या, म्हणजे आपण ज्यांना सूर किंवा रीड म्हणतो त्या. भात्यातली हवा पट्टीला थरथरवते आणि आवाज निघतो.

मिशनरी आणि साहेब लोकांसोबत हे वाद्य हिंदुस्थानात आलं. तेव्हा भाता पायानं मारायचा आणि खुर्चीवर बसून वाजवायचं. आपलं गाणं बैठकीचं. मग कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १९व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत भाता मागं घेतला आणि हातानं मारायची पेटी केली. एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर. मांडी घालून बसा आणि वाजवा.

महाराष्ट्रात तिला खरी जागा मिळाली ती संगीत नाटकामुळं. १८८० साली किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि नाटकवेड वाढत गेलं. नाटकाला खणखणीत, कधीही बेसूर न होणारी साथ हवी होती. ऑर्गन आणि पेटीनं ती दिली. १९११ सालच्या 'मानापमान'च्या चाली ज्यांनी बांधल्या ते गोविंदराव टेंबे स्वतः नामी पेटीवादक होते.

मग अडचण काय होती?

अडचण सुरांच्या हिशोबात होती. हिशोब सोपा आहे, फक्त दोन मिनिटं लक्ष द्या.

समजा तुमचा सा २४० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला २४० कंपनं. तंबोरा नीट जुळला की त्याच्या नादातून आपोआप एक गंधार ऐकू येतो. तो सा च्या सव्वापट असतो, म्हणजे बरोबर ३०० हर्ट्झ. गवयी याच गंधारावर येऊन थांबतो.

युरोपातल्या पेटीत मात्र सप्तकाचे १२ अगदी समान भाग केलेले असतात. त्याचा फायदा असा की कुठल्याही पट्टीला सा धरा, काम चालतं. पण या वाटणीत गंधार येतो ३०२.४ वर. शुद्ध धैवत ४०० ला हवा, तर तो जातो ४०३.६ वर. कोमल गंधार २८८ ला हवा, तर तो घसरतो २८५.४ वर.

दोन-तीन कंपनांनी काय फरक पडतो, असं तुम्हाला वाटेल. पण तंबोरा आणि पेटी एकत्र वाजले की हाच फरक कानाला टोचतो. गवयी तंबोऱ्याचं ऐकेल की पेटीचं?

बरं, एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडं एकाच नावाचा स्वर प्रत्येक रागात एकाच जागी बसत नाही. भीमपलासीचा कोमल गंधार वेगळा, दरबारीचा वेगळा. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्यात. सा ला ४, रे ला ३, ग ला २, म ला ४, प ला ४, ध ला ३, नी ला २. बेरीज करून बघा, २२ भरतात. आणि पेटीत पट्ट्या फक्त १२.

देवलांनी मोजपट्टी काढली

सरकारी नोकरीतून मोकळे झालेले देवल या २२ श्रुतींच्या मागं लागले. त्यांचं म्हणणं साधं होतं. ग्रंथात श्रुती आहेत, गवयाच्या गळ्यात श्रुती आहेत, तर त्या मोजता आल्या पाहिजेत.

हा विचार हवेतला नव्हता. जर्मनीत हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं १८६३ साली स्वरांच्या विज्ञानावर मोठा ग्रंथ लिहिला होता. समान वाटणीच्या सुरांवर तोही नाखूश होता. त्यानं स्टुटगार्टच्या शीडमायर कारखान्याकडून शुद्ध सुरांची खास हार्मोनियम बनवून घेतली होती. म्हणजे पेटीच्या सुरांचं हे दुखणं खुद्द युरोपातल्या जाणकारांनाही ठाऊक होतं.

देवलांना गळा मिळाला तो किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. सांगली आणि मिरज शेजारी-शेजारी. खाँसाहेबांचा सूर म्हणजे सुरेलपणाचा शेवटचा शब्द. त्यांच्या गाण्यातले स्वर तपासून देवलांनी गुणोत्तरं मांडली आणि १९१० साली हिंदू स्वरसप्तक आणि २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक छापलं.

ते वाचून अर्नेस्ट क्लेमेंट्स भारावून गेला. हा आयसीएस अधिकारी, मुंबई इलाख्यात जिल्हा न्यायाधीश. दोघांची जोडी जमली. 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था उभी राहिली. देवलांच्या हिशोबावर आधारलेली श्रुती हार्मोनियम लंडनच्या मूर या वाद्यनिर्मात्याकडून तयार झाली. १९१३ साली क्लेमेंट्सनं हिंदुस्थानी संगीताची ओळख करून देणारं पुस्तकही काढलं.

आता तुम्ही म्हणाल, प्रश्न सुटला. पण तसं झालं नाही.

बडोद्यात गाडी अडली

मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सूत्रं होती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडं. देशभरातले गवयी आणि अभ्यासक जमलेले. श्रुती हार्मोनियम तिथं मांडली गेली.

पण जमलेल्या उस्तादांना ती पटली नाही. त्यांच्या गळ्यातला सूर आणि पेटीतला सूर जुळेना. भातखंड्यांचं मत तर आधीपासूनच वेगळं होतं. चालू गाण्याचा पाया १२ स्वरांचा धरावा, श्रुतींच्या बारीक मोजमापात व्यवहार अडकवू नये, ही त्यांची भूमिका. देवलांनी त्याच वर्षी सोमनाथाच्या ग्रंथावर आणि १९१८ मध्ये रागांवर लिहिलं. पण त्या पेटीनं काही बैठकीत जागा मिळवली नाही.

का? तर दोन कारणं दिसतात.

पहिलं, एकच गुणोत्तर सगळ्या घराण्यांना लागू होत नाही. अब्दुल करीम खाँचा सूर मोजला तरी तो दुसऱ्या उस्तादाचा होत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपलं गाणं पायऱ्यांवर उभं राहत नाही, ते उतारावरून घसरतं. मींड असते, आंदोलन असतं. दरबारीचा गंधार झुलतो, तो एका जागी उभा करून मोजायचा कसा? पट्ट्या १२ असोत की २२, पट्टी ती पट्टीच. दोन पट्ट्यांमधली वाट पेटीत नसतेच.

पेटीला रेडिओबंदी

पुढं हाच मुद्दा पेटीच्या मुळावर आला. रवींद्रनाथ टागोरांना पेटी नको होती. आकाशवाणीत बसलेल्या लायोनेल फील्डन यांनाही नको होती. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली.

या बंदीचं खापर पुष्कळदा मंत्री बी. व्ही. केसकर यांच्यावर फोडलं जातं. पण ते १९५२ साली मंत्री झाले. बंदी त्याच्या १२ वर्षं आधीची, इंग्रजांच्या काळातली. केसकरांनी ती पुढं चालू ठेवली इतकंच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती टप्प्याटप्प्यानं सैल झाली.

गंमत म्हणजे बंदीच्या या तीस वर्षांत पेटी मेली नाही. नाटकात, भजनात, लावणीत ती वाजतच राहिली. मैफलीत गोविंदराव पटवर्धन आणि मराठवाड्याच्या जालना भागातून आलेले अप्पासाहेब जळगावकर यांच्यासारख्यांनी असा काही हात बसवला की मींड नसलेल्या वाद्यातून मींडीचा भास व्हावा.

मग देवल हरले का?

वाद्य म्हणून त्यांची पेटी हरली, हे खरं. पण त्यांनी विचारलेला प्रश्न जिवंत आहे.

आज चांगला पेटीवाला दुकानातून आणलेली पेटी तशीच वाजवत नाही. तो तिला 'गंधार ट्यूनिंग' करून घेतो. कारागीर पितळी पट्टी कानसनं घासतो. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. असं करत तो ३०२.४ चा गंधार ३०० वर आणून बसवतो. मोबदल्यात एक गोष्ट सोडावी लागते, ती पेटी एकाच सा साठी उरते. आणि अलीकडं डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुती वाजवता येणारी पेटी नव्यानं घडवली आहे. म्हणजे देवलांचा नाद शंभर वर्षांनंतरही कुणाला तरी स्वस्थ बसू देत नाही.

तुमच्या गावच्या मंडळाच्या पेटीची तपासणी घरबसल्या होऊ शकते. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावा, पेटीचा सा त्याला जुळवा आणि शुद्ध गंधाराची पट्टी दाबून धरा. सूर शांत राहिला तर पेटी जुळलेली आहे. आत काहीतरी थरथरत, लाटेसारखं हलत असेल, तर कृष्णाजी बल्लाळ देवलांना खटकलेला सूर तो हाच.