शांततेनंतरची नोकरी

गडचिरोली जिल्ह्यात चार दशकांच्या रक्तपातानंतर शांततेची चिन्हे दिसू लागली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या साठ साथीदारांसह याच जिल्ह्यात शस्त्रे खाली ठेवली. या घटनेचे स्वागत कोण करणार नाही? परंतु स्वागताचे तोरण बांधून झाल्यावर एका अडचणीच्या प्रश्नाकडे वळणे आम्हांस अगत्याचे वाटते. ज्या जिल्ह्यातील तरुणाला पोलिसाची नोकरी हाच चरितार्थाचा भरवशाचा मार्ग उरला होता, त्या जिल्ह्यात लढाई संपल्यावर त्या नोकरीचे काय होणार?

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ साली गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. बहुतेक भूभाग अरण्याने व्यापलेला, शेती पावसाच्या मर्जीवर आणि उद्योग नावापुरते, अशी त्याची स्थिती दीर्घकाळ राहिली. तेंदूपाने आणि बांबू यांचा हंगाम संपला की हातांना काम नसे. अशा ठिकाणी सरकारी नोकरीला, आणि त्यातही पोलीसभरतीला, असाधारण महत्त्व आले. १९९० साली सी-६० पथक उभे राहिले, ते स्थानिक तरुणांच्या बळावर. रानवाटा ठाऊक असलेला आणि गोंडी-माडिया बोलणारा जवान बाहेरून आणता येत नाही, हे सरकारने ओळखले होते.

या नोकरीची किंमतही जिल्ह्याने मोजली आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ सतरा पोलीस धारातीर्थी पडले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्यू पावले. असे असूनही भरतीच्या मैदानावरील गर्दी ओसरली नाही. तरुणांना मरणाचे भय वाटत नव्हते असे नव्हे. बेकारीचे भय त्याहून मोठे होते.

ही गर्दी केवळ गडचिरोलीची नाही. २०२४ च्या राज्यव्यापी भरतीत सतरा हजारांहून अधिक जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. म्हणजे शंभरांतील एकाची निवड आणि नव्याण्णवांची निराशा. खुल्या वर्गातील उमेदवाराची वयोमर्यादा २८, मागासवर्गीयांची ३३. मध्ये दोन-तीन वर्षे भरती निघाली नाही, तर पहाटे डांबरी रस्त्यावर धावून तयारी करणाऱ्या मुलाचे वय निघून जाते आणि त्याची दाद कोणाकडेही लागत नाही.

आता शांततेबरोबर मनुष्यबळात काटकसर करण्याचा मोह सरकारला होईल. हिशेबाच्या दृष्टीने तो समजण्याजोगाही आहे. तथापि आमच्या मते तो घातक ठरेल. संघर्ष शमला म्हणजे पोलिसाचे काम संपत नाही; ते खऱ्या अर्थाने तेव्हाच सुरू होते. सुरजागडच्या खाणीतून लोहखनिजाची वाहतूक वाढली आहे, कोनसरी येथे पोलादाचा कारखाना उभा राहत आहे. त्यांच्या मागोमाग अपघात, जमिनीचे तंटे, दारू आणि फसवणूक ही येणारच. त्यांचा तपास माडिया भाषेत फिर्याद ऐकू शकणाऱ्या पोलिसाने करायचा की दुभाष्याने? पोलीस ठाण्यांतून चालणाऱ्या ‘दादालोरा खिडकी’ने दाखले मिळवून देण्यापासून रोजगार मेळाव्यांपर्यंतची कामे करून दाखविली आहेत. गावकऱ्याचा पोलिसावर बसू लागलेला हा विश्वास काटकसरीपायी गमावणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा प्रश्न सेवेत असलेल्यांचा. पंचविशीत कमांडो झालेला जवान चाळिशीत डोंगर चढू शकेलच असे नाही. त्याला तपासकामाचे, कायद्याचे आणि सायबर गुन्ह्यांचे शिक्षण देऊन अंमलदाराचा अधिकारी करण्याची वाट खुली हवी. २०२२ साली पोलीस नाईक हे पद रद्द झाल्याने बढतीची एक पायरी कमी झाली, हे चांगलेच झाले; परंतु पायरी कमी झाल्याने शिडी आपोआप चढता येत नाही. उपनिरीक्षकपदाच्या परीक्षेची तयारी अहेरीत आणि एटापल्लीत बसून करता आली पाहिजे.

शेवटी, पोलीस खाते साऱ्या जिल्ह्याचे पोट भरू शकत नाही हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातील सतरा संवर्गांची पदे स्थानिक आदिवासींसाठी राखण्याची अधिसूचना राज्यपालांनी २०१४ साली काढली. पुढे ती भरती न्यायालयीन वादात अडकली आणि २०२४ साली निवड झालेल्या उमेदवारांना तात्पुरत्या मानधनावर नेमण्याची पाळी आली. ज्या शासनाला शिक्षक, तलाठी आणि वनरक्षक वेळेवर नेमता येत नाहीत, त्याला बंदूकधारी जवान मात्र तत्परतेने नेमता येतात, असा अर्थ तरुणांनी यातून काढला तर दोष कोणाचा?

भरतीचे वेळापत्रक दरवर्षी ठरलेले असावे, सेवेतील जवानांना बढतीचा मार्ग मिळावा आणि इतर खात्यांतील रिकाम्या खुर्च्या कायमच्या भराव्यात, एवढीच आमची मागणी आहे. युद्धकाळात ज्यांच्याकडून प्राणांची अपेक्षा केली, त्यांना शांततेच्या काळात पोटापुरते काम देणे हे सरकारचे उपकार नव्हेत. ते त्याचे कर्तव्य आहे.